हजेरीपटावरचे नाव

आमच्या नोकरीचे ते पहिलेच वर्ष होते. वर्गात सत्तरांवर मुले आणि आम्ही अगदी नवखे. हजेरी घेताना 'दत्तात्रय' या नावाला कोणीच 'हजर' म्हणेना, म्हणून आम्ही त्या नावापुढे रोज इमानेइतबारे गैरहजेरीची खूण करीत गेलो. पंधरवडा लोटल्यावर घरी चिठ्ठी धाडली. दुसऱ्या दिवशी वडील धापा टाकीत आले आणि हात जोडून म्हणाले, "गुरुजी, पोरगा तर रोज शाळेत येतो! तो काय, तिसऱ्या बाकावर बसला आहे." पाहतो तो खरेच. घरी, गल्लीत, आजोळी सर्वजण त्याला 'बंडू' म्हणत. दाखल्यावर आपले नाव दत्तात्रय आहे, हे त्या बापड्याला ठाऊकच नव्हते. नाव पुकारले जात होते, मुलगा समोर बसलेला होता, आणि तरीही आमच्या दप्तरी तो नव्हता. आणखी काही दिवस असेच गेले असते तर पटावरून त्याचे नाव कमी झाले असते, आणि ते पाप आमच्या माथी आले असते.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. ते कारण म्हणजे संगणक.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. येथे इंदुरातच ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. वडील धान्यमंडीत मुनीम आहेत. एका हातात हप्त्यांनी घेतलेला लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात हिंदीत लिहिलेला एक अर्ज. "सर, जरा भाषा तपासून द्या," एवढेच म्हणून तिने तो पुढे केला. अर्ज विभागप्रमुखांच्या नावे होता. 'निवडलेला विषय माझ्या कुवतीबाहेरचा आहे, तरी तो बदलून सोपा विषय द्यावा,' असा त्याचा आशय. आम्ही चकित झालो. ही मुलगी आमच्या शाळेत असताना गणिताच्या तासाला फळ्यापाशी जाण्यासाठी धडपडणारी. वडिलांच्या जुन्या वह्यांतून सोयाबीनचे भाव तारीखवार उतरवून काढायचे आणि त्यांवरून पुढच्या भावाचा अंदाज बांधणारा प्रोग्राम लिहायचा, असा तिचा प्रकल्प होता. वह्या उतरवण्यात दोन महिने गेले होते. प्रकल्प सादर करण्यास आता दोन दिवस उरले होते.

"विषय झेपत नाही, हे तू कशावरून ठरवलेस?" आम्ही विचारले.

"सर, पहिलीच ओळ चालत नाही. पाच दिवस झाले. लायब्ररी बसवली तरी यंत्र म्हणतं, नाहीच. बाकी सगळ्यांचं चालतं. मला हे जमण्यातलं नाही."

"यंत्र नेमके काय म्हणते?"

"लाल अक्षरं येतात."

"ती वाचलीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लाल दिसलं की मी खिडकीच बंद करते, सर."

वाचकहो, आम्ही मराठी भाषेचे विद्यार्थी. संगणकाचे आमचे ज्ञान शाळेची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरण्यापुरतेच. परंतु समोर आलेला मजकूर शेवटपर्यंत वाचल्याखेरीज त्याविषयी मत देऊ नये, हे आम्ही तीस वर्षे मुलांना शिकवीत आलो आहोत. तेव्हा अर्ज बाजूला ठेवला आणि लाल अक्षरे वाचावयास बसलो. आमच्या शाळेतील संगणक-शिक्षकांना दूरध्वनी लावला. त्यांनी धीराने एकेक गोष्ट समजावून दिली. त्या संध्याकाळी जे उमगले आणि पुढे महिनाभर त्यांच्याकडून जे टिपून घेतले, ते येथे देत आहोत. कारण घरोघरी आज कोणाचा ना कोणाचा मुलगा अथवा मुलगी या लाल अक्षरांपुढे हिरमुसून बसलेली असते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची एक भाषा. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. नावाचा सापाशी संबंध नाही. 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून ते नाव घेतलेले आहे. या भाषेत प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट मुळापासून लिहावी लागत नाही. इतरांनी लिहून ठेवलेली तयार हत्यारे मिळतात, त्यांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. जुन्या आकड्यांवरून यंत्राने नियम ओळखावा, या विद्येस यंत्रशिक्षण अर्थात मशीन लर्निंग म्हणतात, आणि तिच्यासाठी 'सायकिट-लर्न' नावाची लायब्ररी जगभर वापरली जाते. २००७ साली डेव्हिड कूर्नापो यांनी विद्यार्थ्यांसाठीच्या एका उन्हाळी उपक्रमात तिचा आरंभ केला आणि २०१० मध्ये फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेतील मंडळींनी तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती काढली. म्हणजे ज्या हत्यारापुढे आमची विद्यार्थिनी हात टेकून बसली होती, त्याचा जन्मदेखील एका विद्यार्थ्याच्या सुट्टीतल्या खटाटोपातूनच झालेला.

ही लायब्ररी घरी आणण्याची क्रिया दोन टप्प्यांची आहे, आणि घोटाळा होतो तो बहुधा येथेच. 'पिप' नावाचा एक गडी आंतरजालावरील भांडारातून माल आणून घरात ठेवतो. हे झाले इन्स्टॉल. पुढे प्रोग्राम चालताना पायथन त्या मालाला नावाने हाक मारतो. हे झाले इम्पोर्ट. हाक मारली की पायथन ठरलेल्या जागांची एक यादी घेतो आणि त्या जागा क्रमाने पाहतो. त्या यादीत नाव सापडले तर ठीक. न सापडले तर तो लाल अक्षरांत लिहितो, 'या नावाचे मॉड्यूल नाही.' आता पाहा, या वाक्याचा खरा अर्थ 'ती वस्तू जगात नाही' असा नव्हे. 'मी जेथे पाहिले तेथे मला ती या नावाने दिसली नाही,' एवढाच त्याचा अर्थ. आमच्या हजेरीपटावर दत्तात्रय नव्हता, तो असा.

लाल मजकूर वाचण्याचीही एक रीत आहे. तो लांबलचक असतो, पण त्याच्या पहिल्याच ओळीत, सर्वांत अलीकडची घटना शेवटी दिली आहे, असे स्वच्छ लिहिलेले असते. म्हणून वाचन शेवटच्या ओळीपासून सुरू करावे. तेथे चुकीचा प्रकार आणि कारण असते; वरच्या ओळींत ती कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर घडली याचा माग असतो.

आम्ही मुलीला सर्व पुन्हा पहिल्यापासून करावयास लावले. तिने पिपला सांगितले, 'एसकेलर्न इन्स्टॉल कर.' लाल अक्षरे आली. या वेळी ती मोठ्याने वाचली. मजकूर असा होता की, हे नाव आता बाद झाले आहे, पिपला आज्ञा देताना 'एसकेलर्न' न म्हणता 'सायकिट-लर्न' म्हणा. पाच दिवस यंत्र तिला उत्तरच सांगत होते, आणि ती खिडकी बंद करीत होती! प्रकार असा की या लायब्ररीला भांडारात एक नाव आहे आणि हाक मारण्याचे दुसरे. मागवताना सायकिट-लर्न, हाक मारताना एसकेलर्न. पूर्वी चुकीचे नाव घेतले तरी पिप समजून घेई. परंतु २०२३ च्या डिसेंबरापासून ती सवलत पूर्णपणे बंद झाली. असे दोन नावांचे दत्तात्रय या जगात पुष्कळ आहेत. चित्रे वाचणारी लायब्ररी 'ओपनसीव्ही-पायथन' म्हणून मागवतात आणि 'सीव्ही२' म्हणून हाक मारतात. 'पिलो' मागवतात आणि 'पीआयएल' म्हणतात. पायटॉर्च तर मागवताना आणि बोलावताना दोन्ही वेळा नुसते 'टॉर्च' असते. येथे अंदाजाने नाव टाइप करणे धोक्याचेही आहे, कारण प्रसिद्ध नावांसारखी दिसणारी नावे देऊन घातक माल भांडारात ठेवणारे लोक असतात. नाव नेहमी त्या लायब्ररीच्या अधिकृत पानावरूनच घ्यावे.

योग्य नावाने मागवल्यावर माल आला. पिपने 'यशस्वी' असे कळवले. मुलीचा चेहरा उजळला. तिने आपला प्रोग्राम चालवला, आणि पुन्हा लाल अक्षरे: एसकेलर्न नावाचे मॉड्यूल नाही. तिचे डोळे भरून आले. "बघा सर, आणूनही नाहीच म्हणतं."

संगणक-शिक्षकांनी दूरध्वनीवरून विचारले, "त्या लॅपटॉपवर पायथन किती आहेत?" आम्हांस हा प्रश्नच विचित्र वाटला, पण तो मर्मावर बोट ठेवणारा होता. महाविद्यालयाच्या सूचनेप्रमाणे तिने एक पायथन बसवला होता आणि नंतर मामेभावाने मदतीच्या भरात दुसरा, नव्या आवृत्तीचा. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे आणि दोन चुली असाव्यात, गड्याने किराणा धाकट्याच्या घरात ठेवावा आणि थोरलीने आपल्या फडताळात शोधून 'डाळ आलीच नाही' म्हणावे, तसे झाले होते. पिप ३.१३ आवृत्तीच्या बिऱ्हाडी माल उतरवीत होता आणि प्रोग्राम ३.११ च्या घरी चालत होता.

हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. प्रोग्रामच्या आरंभी 'इम्पोर्ट सिस' लिहून 'सिस.एक्झिक्युटेबल' छापावे, कोणता पायथन काम करीत आहे त्याचा पूर्ण पत्ता दिसतो. दुसरीकडे पिपला त्याची आवृत्ती विचारावी; तो आपण कोणत्या पायथनच्या घरचे आहोत हे त्याच ओळीत सांगतो. दोन्ही पत्ते जुळले नाहीत की रोगाचे निदान झाले. उपाय असा की पिपला स्वतंत्रपणे हाक न मारता ज्या पायथनने प्रोग्राम चालतो त्याच्याच तोंडून आज्ञा द्यावी: 'पायथन -एम पिप इन्स्टॉल सायकिट-लर्न'. ही आज्ञा अर्थात रोमन अक्षरांत टाइप करावयाची. आम्ही येथे केवळ उच्चार दिला आहे. एकाहून अधिक पायथन असतील तर आज्ञेतील पहिल्या शब्दाच्या जागी मघाचा तो पूर्ण पत्ताच द्यावा, म्हणजे संशयाला जागा राहत नाही.

तसे केले. शिक्षक म्हणाले, "आता मोठा प्रोग्राम नको. दोन ओळींची नवी फाइल करून केवळ हाक मारून पाहा." एका वेळी एकच गोष्ट तपासावी, हे त्यांचे सांगणे आम्हांस फार पटले, शुद्धलेखन शिकवतानाही आम्ही हेच करतो. मुलीने दोन ओळी लिहिल्या, चालवल्या, आणि तिसऱ्यांदा लाल अक्षरे! ती लॅपटॉप मिटू लागली. आम्ही हात आडवा केला. "आधी वाच. मघाचेच वाक्य आहे का?"

तिने वाचले. वाक्य मघाचे नव्हते. 'एसकेलर्न.लिनियर-मॉडेल नावाचे मॉड्यूल नाही', आणि पुढे अर्धविरामानंतर, 'एसकेलर्न हे पॅकेज नव्हे'. आम्ही व्याकरणाच्या सवयीने म्हटले, "अगं, आता ते 'एसकेलर्न नाही' असे म्हणत नाही. एसकेलर्न सापडले, पण ते जे असायला हवे ते नाही, असे म्हणते आहे. मग सापडले ते कोण?" ती पडद्याकडे पाहत राहिली आणि एकाएकी हसली. चाचणीच्या त्या नव्या फाइलीला तिने नावच 'एसकेलर्न' असे दिले होते. पायथन शोधाला निघतो तेव्हा प्रथम पाहतो ते प्रोग्रामच्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये. तेथे त्याला त्या नावाची दोन ओळींची फाइल भेटली, आणि तो पुढे गेलाच नाही. खरा दत्तात्रय मागच्या बाकावर, आणि पुढच्या बाकावरच्या त्याच नावाच्या दुसऱ्याने 'हजर' म्हटले, असा तो प्रकार. फाइलीचे नाव बदलताच दोन्ही ओळी निमूट चालल्या. नवशिक्यांच्या हातून हे इतके घडते की २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या पायथन ३.१३ पासून, पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलचे नाव कोणी आपल्या फाइलीला दिले आणि त्यामुळे गाडी अडली, तर चुकीच्या संदेशातच नाव बदलण्याची सूचना येते.

त्या रात्रीची लढाई येथे संपली. परंतु लाल अक्षरांचे आणखी तीन प्रकार शिक्षकांनी पुढे सांगितले, तेही नोंदवून ठेवतो.

पहिला प्रकार, माल मिळतच नाही. 'मागणीस जुळणारी आवृत्ती सापडली नाही' असे पिप म्हणतो, अथवा मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी++ बसवा म्हणून हटून बसतो. मोठ्या लायब्रऱ्या प्रत्येक पायथन-आवृत्तीसाठी वेगळ्या शिवून ठेवलेल्या असतात. पायथन अगदी नवा निघाला की त्याच्या मापाचा कपडा काही काळ तयार नसतो. मग पिप कापड आणून घरी शिवू पाहतो आणि शिवणयंत्र मागतो. अशा वेळी बहुधा शिवणयंत्र आणण्याच्या खटपटीत न पडता पायथनची जराशी जुनी, रुळलेली आवृत्ती घ्यावी. ३२-बिटांचा पायथन बसला असेल तरीही टेन्सरफ्लोसारखी लायब्ररी मिळत नाही, ६४-बिटांचा घ्यावा.

दुसरा, माल आहे पण सोबत्यांशी त्याचे जुळत नाही. आकड्यांचे काम करणारी 'नमपाय' ही लायब्ररी पुष्कळांचा पाया आहे. २०२४ च्या जूनमध्ये तिची २.० ही आवृत्ती आली आणि तिची अंतर्गत रचना बदलली. परिणामी १.x आवृत्तीवर शिवलेल्या अनेक लायब्रऱ्या २.० वर चालेनाशा झाल्या. संदेशात नमपाय १.x आणि २.० असे दोन्ही आकडे दिसले, किंवा 'डीटाइपचा आकार बदलला' असे शब्द आले, तर कारण हेच समजावे. त्यावर उपाय दोन: तक्रार करणारी लायब्ररी नव्या आवृत्तीची घ्यावी, ती निघाली नसेल तर नमपायच २ च्या खालची बसवावी.

तिसरा प्रकार विंडोजवर दिसतो: 'डीएलएल लोड फेल्ड'. येथे वस्तू सापडलेली असते, पण तिला उभे राहण्यास लागणारा आधार नसतो. कधी मायक्रोसॉफ्टचे एक विनामूल्य पूरक साहित्य बसवायचे राहिलेले असते. कधी यंत्रच जुने असते. टेन्सरफ्लोच्या तयार प्रतींना २०१८ सालच्या १.६ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाची सोय लागते. इंटेलच्या प्रोसेसरांत ती २०११ पासून येऊ लागली, परंतु पेंटियम आणि सेलेरॉन या स्वस्त वाणांत पुढेही पुष्कळ वर्षे नव्हती. सरकारी शाळांना मिळालेल्या जुन्या संगणकांवर एखादा हुशार मुलगा महिनाभर डोके आपटील आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देईल. दोष मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीच्या खरेदीत असेल. अशा वेळी सायकिट-लर्नसारख्या हलक्या लायब्ररीवर काम भागते का ते पाहावे.

या सर्वांवर एक पथ्य आहे. २०१२ मध्ये आलेल्या पायथन ३.३ पासून 'व्हेन्व्ह' म्हणून सोय आहे. तिच्या योगे प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी, स्वच्छ खोली मिळते. तिच्यात त्याच प्रकल्पाचा माल राहतो, दुसऱ्याच्या सामानाशी मिसळत नाही. काही बिघडले तर ती खोली पुसून नवी थाटावी. सबंध वाडा पाडावा लागत नाही. चिडून सर्वच काढून टाकून पुन्हा बसवणारे जे असतात, ते अनेकदा तोच घोटाळा नव्याने करून ठेवतात.

आता त्या अर्जाविषयी. रात्री नऊच्या सुमारास प्रोग्राम चालला आणि वडिलांच्या वह्यांतल्या भावांतून एक तिरकी रेघ पडद्यावर उमटली. निघताना मुलीने विचारले, "सर, अर्जाचं काय?" आम्ही त्यातील मात्रांच्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या, तो तसाच तिच्या हाती दिला आणि म्हटले, "भाषा आता शुद्ध आहे. मजकूर खरा आहे का, ते तू ठरव." तिने तो दिला नाही. प्रकल्प सादर झाला. भावाचा अंदाज काही फारसा बरोबर आला नाही. नुसत्या जुन्या भावांवरून सोयाबीन ओळखता येत असते तर मंडीतले सगळेच मुनीम श्रीमंत झाले असते, असे तिच्या वडिलांनी आम्हांस हसत सांगितले. पण तो का चुकला, हे परीक्षकांना तिने स्वतः समजावून दिले.

पाच दिवसांत त्या यंत्राने तिच्या बुद्धीविषयी एक अक्षरही काढले नव्हते. 'कुवतीबाहेरचे' हा शब्द तिचा स्वतःचा होता. यंत्राने फक्त एवढेच म्हटले होते की या नावाने, या जागी, मला वस्तू दिसली नाही. तिसऱ्या चुकीपाशी तर ती मुक्कामाच्या अगदी जवळ होती; पण तिन्ही वेळा रंग लालच असल्याने तिला तीच चूक तिसऱ्यांदा झाल्यासारखी वाटली. चूक बदलली म्हणजे आपण पुढे सरकलो, हे कोणीतरी शेजारी बसून सांगावे लागते.

म्हणून वडीलधाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे. घरातील मूल पडद्यापुढे डोके धरून बसलेले दिसले तर 'मला त्यातले काही कळत नाही' म्हणून निघून जाऊ नका. खुर्ची ओढून शेजारी बसा आणि म्हणा, "शेवटची ओळ मोठ्याने वाच पाहू." याला संगणकाचे ज्ञान लागत नाही. आम्हीही त्या रात्री याहून फारसे काही केले नाही. बंडूच्या वेळी मात्र शेजारच्या बाकावर जाऊन "बाळ, तुझे नाव काय?" एवढे विचारण्यास आम्हांस पंधरा दिवस सुचले नव्हते.